पैरा

आमच्या वर्गात पावसाळ्यात बाकं रिकामी पडायची. भाताची लावण सुरू झालेली असायची. हजेरीला सर विचारायचे, "काल कुठं होतास?" उत्तर ठरलेलं: "पैरा फेडायला गेलतो, सर." मराठीचे सर कोकणातले. त्यांना हा शब्द नवा होता. रागावण्याऐवजी त्यांनी तो फळ्यावर लिहिला आणि आम्हालाच समजावून सांगायला लावला.

मग आम्ही बोलतच सुटलो. तुमच्या घरची माणसं आमच्या चिखलात लावणीला उभी राहिली, की आमच्या घरच्यांनी तेवढेच दिवस तुमच्या शेतात राबायचं. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही. आई आजारी पडली तर पोर जायचं, पण फेड चुकायची नाही. दावणीला एकच बैल असलेले दोघं पैरा करून औत जुंपायचे. एका मुलीच्या घरी तर बैलच नव्हते. शेजाऱ्याच्या औताच्या बदल्यात तिची आई त्यांच्याकडे भांगलायला जायची. "आमी कुणाचं फुकट घेत नाय," असं ती ताठ मानेनं म्हणाली. पैऱ्याचा कडक हिशेब मला तेव्हापासून माणुसकीचा वाटत आला आहे. फेडता येतं, त्याला मिंधं व्हावं लागत नाही.

सरांनी त्यात भर घातली. 'सावड' म्हणजे जवळपास हेच. इर्जिकीत मात्र गाव औतं घेऊन येतं, एका दिवसात नांगरट उरकतं आणि संध्याकाळी यजमान सगळ्यांना जेवू घालतो. तिथं दिवसाला दिवस मोजत नाहीत. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी शेतकरी मिळून भातखाचरं तयार करतात, ती 'पडकई'.

दहावीला सरांनी आमचा अभ्यासाचा पैरा लावून दिला. भूमिती मला एका मित्रानं शिकवली. त्याला मी समास शिकवायचो. तो पुस्तक मिटायला लावून अंगणातल्या मातीत काटकीनं आकृती काढून घ्यायचा. पायथागोरसचं प्रमेय मी तिथंच शिकलो.

आता नांगरट ट्रॅक्टरनं, तासाच्या दरानं होते. बैलांचा पैरा आमच्या गावात संपल्यातच जमा आहे. बायकांनी मात्र भांगलणीचा अजून टिकवलाय. कुणाकडं किती दिवस फेडायचे राहिलेत आणि कुणाकडून यायचेत, हे आमच्या वहिनीला भाकऱ्या थापतानाही तोंडपाठ असतं.