कुणापैकी?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कार्यालयात मावसभावाचं लग्न होतं. पंगतीत शेजारच्या आजीबाईंनी जिलेबी मोडता मोडता विचारलं, "कुणापैकी रं तू?"

आईचं माहेर सांगितलं. "ते न्हवं, बापाकडनं?" तेही सांगितलं. त्यांनी माझ्याकडं नीट निरखून बघितलं. "मग ह्ये नाक कुणाचं?"

आता नाकाचा खुलासा काय करणार! मठ्ठा तोंडाला लावला आणि मला हायोलिथ आठवला.

हा समुद्रतळावरचा जीव. आइस्क्रीमच्या कोनासारखं निमुळतं कवच, तोंडावर झाकण आणि काहींना झाकणाखालून दोन्ही अंगांनी बाहेर आलेले बाकदार दांडे. या दांड्यांना शास्त्रज्ञ चक्क 'हेलन' म्हणतात. (आमच्या पिढीला हेलन म्हटल्यावर दुसरंच काही आठवतं, ते असो.) कोल्हापूरच्या काळ्या दगडात हा शोधू नका. तो लाव्हाचा दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हायोलिथ त्याच्या फार आधी, 25 कोटी वर्षांपूर्वीच संपले.

मागं राहिली ती बहुतेक नुसती कवचं. आतला जीवच दिसत नाही, तर सोयरीक कशी काढायची? कुणी त्यांना गोगलगाय-शिंपल्यांच्या मृदुकाय घराण्यात बसवलं, कुणी म्हणालं, यांचं घराणंच वेगळं. 2017 मध्ये कॅनडातल्या बर्जेस शेल नावाच्या खडकातल्या जीवाश्मांत तोंडाभोवतीची मऊ शुंडकं, म्हणजे बारीक सोंडा, दिसली आणि पाहुणे निघाले ब्रॅकिओपॉडांकडचे! ब्रॅकिओपॉड म्हणजे दिसायला हुबेहूब शिंपला, पण शिंपल्याशी जवळचं नातं नाही. म्हणजे ज्यांच्याकडं बोट दाखवायचं, त्यांचंच रूप फसवं. त्यात 2020 मध्ये चीनमधल्या जीवाश्मांवरून दुसऱ्या संशोधकांनी हरकत घेतली: ही शुंडकं ब्रॅकिओपॉडांसारखी नाहीत, हे नातं इतकं जवळचं नाही.

मला ही हरकत आवडली. एका अवयवावरून गोत ठरवायचं म्हटलं तर आमच्या गल्लीत निम्म्या घरांत वाटण्या नव्यानं कराव्या लागतील.

हात धुवायला उठलो, तर मागून आजीबाईंची हाक. "आरं, घावलं की! कुरुंदवाडच्या म्हाताऱ्याचं नाक हाय ह्ये!" चार माणसांनी वळून माझ्या नाकाकडं बघितलं.

कुरुंदवाडला आमचं कुणीही नाही.