काडीवरचं गंधक

"साहेब, ही काडी धुतलेली दिसतेय."

करारावर सह्या झाल्या होत्या, चहा फिरत होता. दिंडोरीकडचे एक काका बरणीतला द्राक्षकाडीचा भुसा बोटांत चोळत होते.

धुतलेलीच होती. डिस्टिल्ड पाण्याने. मग ओव्हनमध्ये वाळवून, चाळून. तिच्यातून फरफ्युरल नावाचं तेलकट रसायन काढायचं (अमेरिकेत 1922 सालीच ओटच्या टरफलांपासून काढायला लागले होते, नवं काही नाही), पुढे हायड्रोजन देऊन इंधन. कॉलेज, कंपनी आणि शेतकरी गट अशी तिघांची भागीदारी.

"आमच्या काडीवर भुरी रोगासाठी मारलेलं गंधक असतं. बोर्डोच्या फवारणीतलं मोरचूद असतं. चालतं का तुमच्या यंत्राला?"

नाही चालत. गंधक निकेल, प्लॅटिनमसारख्या उत्प्रेरकाला चिकटून बसतं आणि तो निकामी होतो. काडीतलं पोटॅशियम झिओलाइट या आम्लधर्मी उत्प्रेरकाची आम्लता मारतं. हे मी वर्गात शिकवते. पण बरणी भरताना सगळं बेसिनमध्ये सोडून दिलं होतं.

करार अकरा पानी. बौद्धिक संपदा कुणाची, यावर तीन पानं. काडी बांधावरून कोण उचलणार, धुणार कोण, त्या पाण्याचं काय करायचं, यावर एक ओळ नाही.

पिंपळगावला घरी येताना ओझरच्या पुढे छाटणीच्या काड्या पेटवलेल्या दिसल्या. धूर पार हायवेवर आला होता. गाडीची काच वर केली.

काकांची सही शेवटच्या पानावर आहे, साक्षीदाराच्या रकान्यात. तिथे का घेतली असेल आम्ही?