दहापैकी दोन

नवी गाडी शोरूममध्ये यायच्या दोन-तीन वर्षं आधी ती काही अनोळखी लोकांना बंद हॉलमध्ये दाखवतात आणि त्यांची मतं घेतात. आमच्या धंद्यात याला क्लिनिक म्हणतात. क्लिनिक भरवायची, आलेल्या लोकांशी बोलायचं आणि संध्याकाळी कंपनीच्या साहेबांपुढे आकडे मांडायचे, हे माझं काम. त्यातल्या एका दिवसाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. ती गाडी आता रस्त्यावर आली आहे, त्यामुळे हरकत नाही. कंपनीचं नाव मात्र विचारू नका.

हॉलमधली गाडी खरी नसतेच. फायबरचा सांगाडा, त्यावर रंग. आत काहीच नसतं म्हणून काचांना काळी फिल्म, आणि दारं उघडत नाहीत. शेजारी स्पर्धक कंपन्यांच्या खऱ्या गाड्या उभ्या करतात, पण बिल्ले झाकून. सगळ्या गाड्या एकाच चंदेरी रंगात, नाहीतर लोक आकार सोडून रंगालाच मार्क देतात. आत येणाऱ्यांचे फोन पाकिटात बंद करून घ्यायचे, गुप्ततेच्या कागदावर सही घ्यायची. एक गट 'अ' गाडीपासून सुरू करतो, दुसरा 'ब'पासून, कारण जी आधी दिसते तीच पुढच्या सगळ्यांची मोजपट्टी होऊन बसते.

त्या दिवशी एकाच एसयूव्हीचे दोन चेहरे होते. 'अ' नीटनेटकी. दिवे जिथे असायला हवेत तिथे, ग्रिल म्हणजे समोरची जाळी मध्यम, बाजूने एक सरळ रेघ. नाव ठेवायला जागा नाही. 'ब'चा चेहरा दुभागलेला होता. वर बॉनेटच्या कडेला डोळे बारीक केल्यासारखी दिव्यांची पातळ पट्टी, आणि खरे हेडलॅम्प खाली बंपरमध्ये. एलईडी आल्यापासून हे शक्य झालंय. प्रकाश पाडायला आता मोठा वाडगा लागत नाही, त्यामुळे डिझायनरला दिवा हवा तिथे लपवता येतो. शिवाय पादचाऱ्याला धडक बसली तर डोकं थेट इंजिनवर आपटू नये म्हणून बॉनेटखाली मोकळी जागा ठेवावी लागते, त्याने नाक उंच होतं. त्या उंच, सपाट भिंतीचं करायचं काय, हा आजच्या प्रत्येक डिझायनरपुढचा प्रश्न. कोणी ग्रिल मोठी करतो, कोणी चेहरा दोन मजली करतो. लोक म्हणतात, "हल्लीच्या गाड्या रागावल्यासारख्या का दिसतात?" त्यामागे हौस आहेच, पण नियमही आहेत.

दुपारच्या गटात साठीच्या आसपासचे एक गृहस्थ होते. 'अ'पुढे उभे राहिले, एक फेरी मारली, "चांगली आहे," म्हणाले, सात मार्क देऊन पुढे. 'ब'पाशी आले आणि थांबले.

"मॅडम, हे दिवे खाली घसरलेत का?"

"नाही सर, तसंच डिझाइन आहे."

"कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

माझा चेहरा अशा वेळी कोरा असावा लागतो. त्यांनी फॉर्मवर दहापैकी दोन मार्क लिहिले. खाली कारणाच्या रकान्यात तीन ओळी खरडल्या, त्यातली एक 'समोरून बघवत नाही' अशी होती. मग पेन खिशात घातलं आणि खाली वाकले. गुडघ्यावर हात ठेवून बंपरमधला दिवा बघायला लागले.

"पार्किंगमध्ये कोणी रिव्हर्स घेताना टेकवली, तर अख्खा दिवाच जाणार ना? बंपरच्या कडेच्या आत किती आहे हा?"

मी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर प्रश्न लिहून घेतला. त्यांचं संपलं नव्हतं. चिखल उडाला तर खालचा दिवा किती लवकर माखेल? फक्त वरची पट्टी गेली तर तेवढीच बदलून मिळेल का, की सगळा संच घ्यावा लागेल? मागच्या सीटवर उंच माणूस बसला तर छताचा उतार डोक्याला लागेल का? काचा काळ्या, आत डोकावायची सोय नाही, तरी त्यांनी हाताची ओंजळ करून काचेला डोळे लावले. त्यांच्या गटातल्या एका तरुण मुलीने याच गाडीला नऊ दिले होते. ती म्हणाली, "काका, मला तर हीच आवडली." त्यावर दोघांचं जे जुंपलं ते मला वेळ संपल्याचं सांगून थांबवावं लागलं. 'अ' गाडी तोवर शेजारी एकटी उभी.

मी प्रत्येक गटाला शेवटची काही मिनिटं मोकळी देते. फॉर्म जमा करून घ्यायचे, पुढचं कोणी बोलवत नाही तोवर हवं तिथे फिरा म्हणायचं. हे कंपनीच्या ब्रीफमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी सूचनांत, नसतं. लोकांना वाटतं आता परीक्षा संपली, आणि तेव्हा ते खरं वागायला लागतात. हॉलच्या नकाशावर मी फक्त कोण कुठे उभं आहे ते टिंबांनी दाखवते. त्या दिवशीचे नकाशे एकावर एक ठेवले तर 'ब'भोवती टिंबांचं मोहोळ होतं. 'अ'भोवती अधूनमधून एखादं, आणि त्यातलीही काही माणसं पाठ करून बोलत उभी होती.

संध्याकाळच्या बैठकीत आकडे मांडले. दोघींची सरासरी जवळपास सारखी, 'अ' किंचित वर. विक्रीप्रमुखांनी तिथेच फाईल मिटवली. "विषय संपला. कोणाला खटकत नाही ती गाडी विकायला सोपी." मग त्यांनी जनरल मोटर्सच्या पॉन्टिअॅक अॅझ्टेकचा विषय काढला. अशा बैठकीत तो कोणीतरी काढतंच. २००० साली आलेली ती गाडी क्लिनिकमध्येच लोकांनी नाकारली होती, हे नंतर त्या कंपनीच्याच माणसांनी सांगितलं. तरी कंपनीने ती बाजारात आणली, आणि वर्षाची विक्री कधी २८ हजारांच्या पुढे गेली नाही. डिझाइनप्रमुखांनी उत्तरादाखल २००१च्या बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजचं नाव घेतलं. बीएमडब्ल्यूचे तेव्हाचे डिझाइनप्रमुख ख्रिस बँगल यांच्या त्या गाडीच्या डिकीवरून एवढा गदारोळ झाला की त्यांना काढून टाका म्हणून लोकांनी ऑनलाइन अर्ज चालवला. विकली मात्र ती आधीच्या पिढीपेक्षा जास्त.

खरं सांगायचं तर दोन्ही उदाहरणं मला कंटाळवाणी वाटतात. दोन्ही बाजूंच्या खिशात अशी एकेक गाडी तयारच असते, आणि त्यातून आपल्या गाडीबद्दल काहीच कळत नाही. दोन्हींवर टीका झाली, एक पडली, एक चालली. मग टीकेचा आणि विक्रीचा संबंध काय ठरला? १९५७ सालच्या फोर्डच्या एडसेलचंही तसंच. तिच्या उभ्या ग्रिलची टवाळी सगळ्यांच्या लक्षात आहे, पण अमेरिकेत तेव्हा मंदी आली होती, गाड्यांच्या जोडणीत खोट निघत होती, आणि फोर्डच्याच इतर गाड्या तिच्या किमतीत बसत होत्या, हे कोणी सांगत नाही. ग्रिल डोळ्यांना दिसते, म्हणून पाप तिच्या माथी.

मी सरासरी बाजूला ठेवली आणि मार्कांची वाटणी दाखवली. 'अ'ला बहुतेकांनी सहा-सात दिले होते. नऊ-दहा देणारे हाताच्या बोटांवर. 'ब'ला खालीही गर्दी, वरही गर्दी, मध्ये ओसाड. गाडी घेताना माणूस सगळ्या गाड्यांना मार्क देत नाही, एकच घेतो. ज्या गाडीला सगळे सात देतात, ती सगळ्यांच्या यादीत दुसरी राहू शकते, आणि दुसऱ्या नंबरची गाडी कोणी घरी नेत नाही. विक्रीप्रमुख म्हणाले, "पण दोन मार्क देणारे गेले ना हातचे." मी म्हटलं, "त्यांनी सहा दिले असते तरी ते आले नसते."

मग मी प्रश्नांचा कागद पुढे केला. 'अ'बद्दल लोकांनी विचारलेले प्रश्न अर्ध्या पानातही मावले. 'ब'चे पानांमागून पानं. त्यात दोन मार्क देणाऱ्या त्या गृहस्थांचे चार-पाच. माझं म्हणणं असं होतं, आणि आजही आहे, की मार्क देताना माणूस परीक्षक असतो. प्रश्न विचारतो तेव्हा तो मनातल्या मनात ती गाडी आपल्या पार्किंगमध्ये लावत असतो. दिवा फुटला तर खर्च किती, हा प्रश्न नको असलेल्या गाडीबद्दल कोणाला पडतो? अर्थात असे प्रश्न विचारणारा प्रत्येक जण गाडी घेईलच असं नाही. पण ज्या गाडीबद्दल कोणी काहीच विचारत नाही, तिची मला जास्त भीती वाटते.

डिझाइनप्रमुख बीएमडब्ल्यूनंतर गप्प होते. त्यांनी तो कागद ओढून घेतला, बंपरच्या दिव्याचा प्रश्न वाचला आणि शेजारच्या माणसाला विचारलं, "खरंच, आत किती आहे तो?" उत्तर समाधानकारक नव्हतं. पुढे तो दिवा बंपरच्या कडेपासून आत सरकवला गेला. दोन मार्क देणाऱ्यांनी त्या गाडीसाठी केलेलं हे काम नऊ मार्क देणाऱ्यांकडून झालं नसतं.

'ब' मंजूर झाली. माझ्यामुळे झाली असं म्हणणार नाही. वरच्या साहेबांना ती आधीपासून आवडत होती असं नंतर कळलं.

गाडी बाजारात आली आणि पहिल्या महिन्यांचे आकडे दणदणीत लागले. विक्रीप्रमुखांनी सगळ्यांना मेल केला, त्यात 'धाडसी डिझाइन' हे शब्द दोनदा. मला त्यात फार रस वाटला नाही, कारण ते डिस्पॅचचे आकडे होते. कारखान्यातून डीलरकडे गेलेल्या गाड्या. नवीन मॉडेल येतं तेव्हा प्रत्येक शोरूमला एक दाखवायला लागते, एक चालवून बघायला लागते, वर थोडा साठा. पाइपलाइन भरली जाते आणि कागदावर विक्री दिसते. गिऱ्हाइकाच्या नावावर किती गाड्यांची नोंदणी झाली, तो आकडा वेगळा आणि नेहमी उशिरा येतो. बुकिंगचंही तेच. टेस्लाच्या सायबरट्रकसाठी शंभर डॉलर भरून नाव नोंदवता येत होतं, आणि तेही परत मिळणारे. २०१९च्या अनावरणानंतर अशी नोंदणी दहा लाखांपुढे गेल्याचं कंपनीने सांगितलं. प्रत्यक्षात २०२४मध्ये अमेरिकेतली विक्री ४० हजारांच्या आत राहिल्याचे अंदाज आहेत. शंभर डॉलरमध्ये लोक मत देतात, गाडी घेत नाहीत.

पुढे काही महिन्यांनी डिस्पॅच घसरले आणि तेच डिझाइन एका रात्रीत गुन्हेगार झालं. 'चेहरा नडला' असं बातम्यांत आलं, कंपनीतही कुजबुज सुरू झाली. मी ओळखीच्या काही डीलरांना फोन लावले. टॉप व्हेरिएंटला, म्हणजे याच गाडीच्या सगळ्यात महागड्या प्रकाराला, वेटिंग होतं. आवारात उभ्या होत्या त्या खालच्या व्हेरिएंटच्या गाड्या. गिअरबॉक्सचा पुरवठा तुटल्यामुळे जी गाडी हवी ती मिळत नव्हती, आणि मिळत होती ती नको होती. कमी विक्री म्हणजे कमी मागणी असं धरून चालणारे लोक २०२१ विसरतात. त्या वर्षी चिप मिळेनात म्हणून जनरल मोटर्सचे कारखाने बंद पडत राहिले आणि १९३१नंतर पहिल्यांदा अमेरिकेतला विक्रीचा पहिला नंबर तिच्या हातून गेला. टोयोटाने तो घेतला. त्यात ग्रिलचा काय दोष?

पण मग खालचा व्हेरिएंट का पडून होता, हा प्रश्न उरतोच. तो बघायला मी एका शोरूमच्या मागच्या आवारात गेले आणि ओळीने उभ्या गाड्या समोरून पाहिल्या. वर जिथे दिव्यांची पातळ पट्टी हवी, तिथे खर्च वाचवायला काळं प्लास्टिक बसवलं होतं. चाकं लहान, कमानीत रिकामी जागा. खाली बंपरमध्ये दोन दिवे आणि वर काही नाही. डोळे मिटलेला चेहरा. आमच्या हॉलमध्ये ही गाडी कोणी पाहिलीच नव्हती. क्लिनिकला नेहमी सगळ्यात महागडा व्हेरिएंट येतो, सगळ्यात मोठ्या चाकांवर. म्हणजे 'चेहरा नडला' हे बातमीतलं वाक्य अर्धं खरं होतं, फक्त ज्या चेहऱ्याबद्दल ते लिहीत होते तो नव्हे.

आता फेसलिफ्टची, म्हणजे त्याच गाडीचं रूप थोडं बदलून परत आणायची, तयारी चालू आहे. ब्रीफ आलं, त्यात पहिलीच ओळ: 'दिवे नेहमीच्या जागी आणण्याचा पर्याय तपासणे.' मी उत्तरात जीप चेरोकीबद्दल लिहिलं. २०१३मध्ये ती बारीक डोळ्यांनी आली तेव्हा लोकांनी तिला भरपूर नावं ठेवली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत पावणेदोन लाखांच्या वर घेतली. २०१८च्या फेसलिफ्टमध्ये कंपनीने दिवे सरळ केले. त्या वर्षी विक्री वाढली, पण २०१९मध्ये घसरली, २०२०मध्ये आणखी. साध्या चेहऱ्यामुळे घसरली असं मी म्हणत नाही, बाजारात तोवर स्पर्धक वाढले होते आणि २०२० तर सगळ्यांनाच भोवलं. पण चेहरा 'दुरुस्त' केला की विक्री परत येते आणि टिकते, या समजुतीला तिथे तरी काही आधार सापडत नाही.

सोबत दोन अटी घातल्या. एक, व्हेरिएंटनुसार नोंदणीचे आकडे आधी द्या. दुसरी, हॉलमध्ये खालचा व्हेरिएंटही त्याच्याच चाकांवर आणि त्याच्याच काळ्या प्लास्टिकसकट उभा राहील. आकडे आले. दुसऱ्या अटीलाही तत्त्वतः होकार मिळालाय, मात्र फायबरच्या त्या दुसऱ्या तोंडाचा खर्च डिझाइनच्या खात्यात टाकायचा की विक्रीच्या, यावर त्यांचे आपसांत मेल चालू आहेत.