आमची वाटचाल : माळ्यावरून टेबलावर

पुण्यात वाडा पाडायला घेतला की माळ्यावरचं सामान खाली येतं आणि कुणाचा तरी फोन येतो, "जरा बघता का, खरंच जुनं आहे का?" हे काम सुरू केलं तेव्हा माझ्याकडे दहापट दाखवणारं भिंग, वडिलांचं टेबल आणि नको तितका आत्मविश्वास होता.

तो उतरवला रविवर्म्यांच्या लक्ष्मीनं. जुनी चौकट, मागे किडीनं खाल्लेली फळी, खाली रविवर्म्यांच्याच प्रेसचं नाव. हा प्रेस १८९४ साली गिरगावात निघाला, पुढे मळवलीला गेला, हे मला पाठ. काचेआडूनच बघून मी 'अस्सल' लिहून दिलं. महिन्याभरानं काच बदलायला चित्र बाहेर निघालं, तेव्हा भिंग लावलं. दगडावरून छापलेल्या ओलिओग्राफमध्ये रंगाचे कण वेडेवाकडे, हाताने टाकलेले दिसतात. इथे देवीच्या गालावर ठिपके कवायतीला उभे! सरळ ऑफसेट, म्हणजे अलीकडची यंत्रछपाई. फी परत केली, माफी मागितली. त्याच आठवड्यात यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, टॉर्च घेतला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं साधारण १९५० नंतरची. त्या उजेडात ती निळसर चमकतात. कागद चमकला तर नवा. नाही चमकला तर जुनाच, असं मात्र नाही.

पुढे धाकटी बहीण आली, रसायनशास्त्रातली एम.एस्सी. धातूत तांबं किती, जस्त किती हे एक्सआरएफ यंत्र सांगतं; ते आम्ही भाड्याने आणतो. पण समईचं वय नुसत्या आकड्यांवरून ठरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चिंचेनं घासलेल्या समईची नक्षी उंचवट्यांवर झिजते, खोबणीत शाबूत राहते. नकली काळपटपणा बहीण ॲसिटोनच्या बोळ्यानं पुसून दाखवते.

अमेरिकेतल्या मुलांना देवघर पाठवायचं म्हणून येणारेही बरेच. शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या कायद्यानं खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही, हे आधीच सांगतो. कधी नव्हे ते 'तुमची वस्तू नवी आहे' ऐकून लोक खूश होतात.

एरवी रागावतात. एका 'पेशवाईतल्या' पेटीच्या बिजागरीला फुलीच्या खाचेचे स्क्रू होते. ते १९३० च्या दशकातले. मागाहून बदलले असतील म्हणून बिजागरी काढून पाहिली, तर खाली जुन्या खिळ्याचं एकही भोक नाही. मालक अजून आमच्याशी बोलत नाहीत. त्यांच्या मेहुण्यांनी मात्र गेल्या महिन्यात समई पाठवली.