नवीन शिक्षकाला मेंटॉर हवाच, पण तो एचओडी नको

आमच्याकडे नवी मुंबईत कॉलेजात नवीन असिस्टंट प्रोफेसर जॉईन झाला की पहिल्याच आठवड्यात टाइमटेबल हातात पडतं, दोन-तीन कमिट्यांमध्ये नाव जातं, नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या, कुठल्यातरी क्रायटेरियनची फाइलही येते. मेंटॉर मात्र मिळत नाही. म्हणजे कागदावर असतो, पण ते नाव बहुतेक वेळा एचओडीचंच, म्हणजे विभागप्रमुखाचंच असतं आणि माझा खरा आक्षेप तिथेच आहे.

बघा ना, जो माणूस तुमच्या अप्रेझलवर शेरा लिहिणार, तुमची रजा मंजूर करणार, त्याच्यासमोर कोण सांगणार की "सर, एसवायचा (दुसऱ्या वर्षाचा) वर्ग मला आवरत नाहीये"? कोणी नाही सांगत. माणूस चांगला असला तरी नाही सांगत. म्हणून मेंटॉर शक्यतो दुसऱ्या डिपार्टमेंटचा असावा, आणि त्यांच्यात जे बोलणं होईल ते कुठल्याही फाइलमध्ये जाऊ नये. आमच्याकडे केमिस्ट्रीची एक नवीन मुलगी आणि इकॉनॉमिक्सच्या एक सीनियर मॅडम, दोघी ठाण्याला राहतात, त्यांचं निम्मं बोलणं संध्याकाळी ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्येच होतं आणि मला वाटतं स्टाफरूमपेक्षा तिथेच ती मोकळेपणाने बोलते.

त्या मॅडम एकदा तिला विचारून तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसल्या. केमिस्ट्रीतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण त्यामुळेच त्यांचं सगळं लक्ष शिकवण्याकडे होतं. नंतर चहा पिताना एकच गोष्ट सांगितली, तू प्रश्न विचारतेस आणि पोरं तोंड उघडायच्या आत उत्तरही तूच देऊन टाकतेस. ही सवय आपल्या सगळ्यांनाच असते हं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांचं रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. इतकी छोटी गोष्ट, पण समोर वर्गात बसल्याशिवाय ती कोणाच्या लक्षात येत नाही. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नवीन शिक्षकांसाठीचा महिनाभराचा गुरु-दक्षता इंडक्शन प्रोग्रॅम चांगलाच आहे, पण तिथे तुमच्या वर्गात येऊन कोणी बसत नाही ना.

दुसरी मोठी गरज पेपर छापायच्या बाबतीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, बंद केली, आता कुठलं जर्नल धड आणि कुठलं पैसे घेऊन काहीही छापणारं हे आपलं आपणच ठरवायचं. नवीन माणसाच्या इनबॉक्समध्ये रोज एक मेल येतो, आठ दिवसांत पब्लिकेशन म्हणून, आणि पीएचडी असेल तर पगाराच्या लेव्हल १० वरून ११ ला बढती मिळायला चार वर्षं असतात, त्यामुळे मोह होतोच. अशा वेळी "एडिटोरियल बोर्डावरच्या दोघांना मेल टाकून विचार की तुम्ही खरंच या बोर्डावर आहात का" एवढं सांगणारा कोणीतरी जवळ हवा. इथे मात्र मेंटॉर आपल्याच विषयातला लागतो, म्हणून एकाच माणसावर सगळं टाकू नका, वर्गासाठी एक आणि रिसर्चसाठी दुसरा असं चालतं, उलट तेच बरं.

आणि मेंटॉरला वेळ द्या हो. असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास, असोसिएट आणि प्रोफेसरला १४ तास शिकवायचं असतं, त्यावर परीक्षा, पेपर तपासणी, ॲडमिशन. हे सगळं करून वर मेंटॉरिंगही हौसेने करा म्हटलं तर ते एका टर्मपुरतं टिकतं. त्याच्या बदल्यात एखादी कमिटी काढून घ्या.

सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिसवर, म्हणजे तासावारी) शिकवणाऱ्यांचं काय, हे तर कोणी विचारतच नाही. लेक्चरवर पैसे मिळतात, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात पळायचं असतं, स्टाफरूममध्ये बसायलाही वेळ नसतो. सगळ्यात कमी आधार त्यांनाच आहे आणि आपल्या एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) पोरांचे कितीतरी तास तेच घेतात. जूनमध्ये मेंटॉरची यादी होईल तेव्हा त्यांची नावं त्यात असावीत, हे मी आमच्या प्रिन्सिपल मॅडमना लेखी दिलंय आणि मीटिंगमध्ये परत मांडणार आहे.