फक्त थोडा दाबून धर

आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला एक 'फक्त' आहे. हॉलमधला पंखा चालतो, फक्त बटण दाबल्यावर त्याला झाडूच्या दांड्याने एक ढोसणी द्यावी लागते, मग तो आळस देत फिरायला लागतो (कंडेन्सर गेलाय, शंभरएक रुपयांची वस्तू, पण दांडा फुकट आहे). फ्रिज चालतो, फक्त दाराचं रबर सैल झाल्यामुळे दार गुडघ्याने लावायचं. वॉशिंग मशीन पण चालतं, म्हणजे अगदी शब्दशः चालतं, स्पिनला लागलं की डुलत डुलत बाथरूमच्या दारापर्यंत येतं आणि मग घरात जो असेल त्याने जाऊन त्याच्यावर दोन्ही हात ठेवून उभं राहायचं, अंगात आलेल्या माणसाला धरतात तसं.

पण या सगळ्यांचा बाप म्हणजे मिक्सर.

दसऱ्याला घेतलेला, 14 वर्षांपूर्वी, गोखले रोडवरून, तेव्हा आम्ही ठाण्याला नौपाड्यात नुकतेच राहायला आलो होतो. पहिली काही वर्षं त्याने निमूट काम केलं. मग एक दिवस भाजणीच्या चकलीची कसलीशी पूर्वतयारी चालू असताना तो मध्येच गप्प झाला. मी घाबरून पिशवीत घालून, रिक्षा करून जांभळी नाक्यामागच्या गल्लीत रिपेअरवाल्या काकांकडे नेला. काकांनी तो उलटा केला, खालचं लाल बटण अंगठ्याने दाबलं, पिन लावली, सुरू. जास्त लोड आला की ते बटण आपोआप बाहेर येतं, मोटर जळू नये म्हणून, हे तेव्हा कळलं. पैसे घेतले नाहीत त्यांनी, पण माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा शंभर रुपये घेतले असते तर बरं झालं असतं.

तिथून पुढे काकांची आणि माझी ओळख वाढत गेली. जारच्या खाली जो दातेरी कपलर असतो ना, तो झिजला की मोटर नुसती फिरते आणि पातं जागचं हलत नाही. काका म्हणाले तो झिजायलाच बनवलेला असतो, जार अडकला तर कपलरचे दात जावेत आणि मोटर वाचावी. मला हे फार आवडलं, प्रत्येक घरात असा एक माणूस असतोच. एकदा नवऱ्याने "एवढ्यासाठी कशाला जायचं स्टेशनकडे" म्हणून कपलर घरीच काढायला घेतला आणि अर्धा तास पकडीने पिळत बसला, घाम फुटला, पकड घसरून ओट्याच्या ग्रॅनाइटचा टवका उडाला. त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो, म्हणजे तो बिचारा अर्धा तास कपलर घट्ट करत होता. टवका अजून तिथे आहे.

आता कुणी म्हणेल की एवढं झाल्यावर नवीन का नाही घेतला. तर त्याचं गणित असंय. लोक सांगतात की दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की वस्तू बदलावी. हिशेब चांगलाय, पण तो एकदम मरणाऱ्या वस्तूंसाठी आहे. आमचा मिक्सर हप्त्याहप्त्याने मरत होता. कपलर दोनदा 80 प्रमाणे, मागच्या जाळीतून निळ्या ठिणग्या दिसायला लागल्या तेव्हा कार्बन 150, चटणीत काळं पाणी उतरायला लागलं तेव्हा दोन जारांचे बुश 120 प्रमाणे, मग वायर आणि पिन 180, असे दोन वर्षांत झाले 730. पण एका वेळी कधीच 240 च्या वर नाही. साडेतीन हजाराच्या नव्या मिक्सरसमोर 80 रुपये कोण नाही म्हणणार? निम्मं गाठलंच जात नाही कधी. काकांना विचारलं तर ते म्हणायचे, मोटर जळली की या, मग बोलू. आणि मोटर काही जळेना.

गंमत म्हणजे आपल्याकडे मिक्सरचा इतिहासच मुळी दुरुस्त न होणाऱ्या मिक्सरपासून सुरू होतो. सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनीयर होते, त्यांच्या बायकोचा, माधुरी माथुर यांचा, जर्मन मिक्सर बिघडला आणि तो काही इथे दुरुस्त होईना. बाहेरचे मिक्सर शेक वगैरे करायला ठीक, त्यांना आपलं ओलं खोबरं आणि भिजवलेली डाळ झेपणार कुठून. तर या गृहस्थांनी आपल्या वाटणाला पुरेल अशा मोटरचा मिक्सर स्वतःच बनवला, तोच 'सुमीत', 1963 सालचा. माझ्या सासूबाई अजून कुठल्याही मिक्सरला सुमीतच म्हणतात. मी ही गोष्ट नवऱ्याला मुद्दाम दोनदा ऐकवली. तो म्हणाला, मी कॉमर्सचा आहे.

तर मिक्सर दुरुस्त होत राहिला आणि त्याचे 'फक्त' वाढत गेले. जार अडकवायच्या तीन खाचांपैकी एक तुटली, मग जार डाव्या अंगठ्याने खाली दाबून धरायचा. एकवर बटण ठेवलं की तो नुसता हुंकार द्यायचा, म्हणून थेट दोनवर न्यायचं आणि घरघर सुरू झाली की हळूच मागे एकवर आणायचं. मागच्या पायाचं रबर गेलं होतं, तिथे पोतेरं चौघडी करून. झाकणावर उजवा तळहात, पण बटणही उजव्याच हाताने फिरवायचं असल्यामुळे मधल्या क्षणी झाकण हनुवटीने. होय, हनुवटीने. मला हे सगळं इतकं अंगवळणी पडलं होतं की मी हे करतेय हेच मला कळत नव्हतं. स्वयंपाकाला एक ताई यायच्या, त्यांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं की वहिनी, पोळ्या भाजी सगळं करते पण तुमचा मिक्सर मला जमायचा नाही, खोबरं तुम्ही वाटून ठेवत जा. मला राग नाही आला, उलट जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्याच सुमारास आमच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा जोरात होत्या. बिल्डिंगला 30 वर्षं होऊन गेलेली, स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग तीनदा करून तिसऱ्या मजल्यावर ओल तशीच. मी त्या मीटिंगमध्ये उभी राहून मोठ्या तावाने बोलले की अहो किती वर्षं ठिगळं लावत बसणार, एकदा काय तो निर्णय घ्या. टाळ्या पण पडल्या. घरी येऊन हनुवटीने झाकण दाबून लसणाची चटणी केली.

मग मी दोन दिवस नाशिकला बहिणीकडे गेले. रविवारी सकाळी सव्वाआठला नवऱ्याचा फोन.

"अगं, मिक्सर कसा चालू करायचा?"

"कसा म्हणजे? बटण फिरव."

"फिरवलं. हूं हूं करतोय नुसता."

"एकवर नको रे ठेवू. दोनवर ने, मग मागे ये. आणि फक्त थोडा दाबून धर."

"काय दाबून धरू? झाकण की जार?"

"दोन्ही!"

मागून मुलगी ओरडत होती की बाबा उडालं, बाबा उडालं. काय उडालं ते मी विचारलं नाही. बारा मिनिटं चालला तो फोन, बहीण समोर चहा घेऊन बसली होती आणि तिच्या तोंडाकडे बघता बघता मला पहिल्यांदा ऐकू आलं की मी काय बोलतेय. हनुवटीचं सांगायची तर लाजच वाटली. शेवटी त्या दोघांनी डोसे टोमॅटो सॉसबरोबर खाल्ले.

परत आले तर मिक्सरच्या पोटावर सेलोटेपने कागद चिकटवलेला, मुलीच्या अक्षरात, वर 'मिक्सर चालवण्याची पद्धत', खाली सात मुद्दे. सातवा, 'नाहीच झालं तर आईला फोन कर'. ओट्याच्या वरच्या टाइल्सवर हिरव्या चटणीचे ठिपके सुकलेले, चार टाइल्स उंच गेलेले. मी ओलं फडकं घेऊन ते पुसत होते आणि डोक्यात एकच, की गेली कितीतरी वर्षं या घरात चटणी फक्त मीच का वाटतेय याचं उत्तर हे इथे सेलोटेपने लावलंय. मोटर जळायची वाट बघत बसले होते मी. काकांचं बरोबरच होतं, मोटर ठणठणीत होती, पण कागद लावावा लागला ना!

पुढच्या शनिवारी गोखले रोडला गेलो. 750 वॉट, चार जार. एक्स्चेंजला जुना घेऊन गेलो होतो, दुकानातल्या मुलाने विचारलं, "चालू आहे ना?"

"चालू आहे," मी म्हटलं, "फक्त..."

"नाही," नवरा म्हणाला. मुलाने बिलावर 400 वजा केले, मिक्सरकडे बघितलं पण नाही.

मग त्याने जार मोजले. दोनच निघाले, लिहिलेले तीन.

"चटणीचा फुटला," मी म्हटलं.

फुटला वगैरे काही नाही, घरी ट्रॉलीत मागच्या बाजूला ठेवलाय, त्याचं पातं काय सुंदर आहे, नव्याला ती धार नाही. नव्यावर बसत नाही तो, करून बघितलं. मंगळवारी काकांना दाखवून आले. ते म्हणाले खालचा कपलर बदलून बघू, दीडशेपर्यंत जाईल.