गुळाचा रंग छापायचाच नाही

दिवाळीच्या तोंडावर आमच्या प्रेसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. कॅलेंडरं, मिठाईची खोकी, दिवाळी अंकांचे फॉर्म, सगळं एकदम अंगावर येतं. मी तिथे डिझाइन करते. म्हणजे लग्नपत्रिकेपासून औषधाच्या पाकिटापर्यंत जे पुढ्यात पडेल ते. त्या आठवड्यात पडला होता गुळाचा बॉक्स.

मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्यांना गुळाच्या एक किलोच्या रव्यासाठी, म्हणजे ढेपेसाठी, नवं खोकं हवं होतं, तेही पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याआधी. त्यांनी कागदावर यादीच आणली होती: वर अंबाबाईचं देऊळ, बाजूला ऊस, खाली बैलजोडी, कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तो मजकूर ठसठशीत, आणि मधोमध गूळ. "आनि म्याडम, गूळ असा दिसाय पायजे की माणसानं खोकंच चाटाय पायजे."

देऊळ, ऊस, बैल यांची मला चिंता नव्हती. चार रंगांत गूळ छापणं ही मात्र शिक्षा आहे. पिवळा आणि मॅजेंटा, म्हणजे छपाईतला गुलाबी, यांच्यात गुळाचा रंग कुठेतरी असतो खरा, पण तो हाताला लागत नाही. मॅजेंटा जरा चढला की वीट, सायन, म्हणजे निळा, जरा चढला की शेवाळ. दोन प्रूफं अशीच गेली. तिसरं आमच्या मशीनमननी उजेडात धरलं, मान तिरकी केली आणि विचारलं, "ताई, ह्यानं अंघोळ करायची का पोळ्या?" खरंच साबणाची वडी दिसत होती.

दुपारी एका पत्रिकेचं प्रूफ द्यायला दसरा चौकात गेले आणि परतीच्या पावसानं गाठलं. समोर शाहू स्मारक भवन. प्रेरणा शोधायला प्रदर्शनात शिरले असं लिहायला मला आवडलं असतं, पण मी शिरले ते ओढणी पिळायला. कॉलेजात असताना इथलं एक प्रदर्शन चुकवत नव्हते. नोकरी लागली आणि 'पुढच्या आठवड्यात जाऊ'मध्ये सहा वर्षं गेली.

कलादालनात जलरंगांची तीसेक निसर्गचित्रं लावलेली. दाराशी अभिप्रायाची वही, तिच्यात ओळीनं 'खूप छान', 'खूप सुंदर'. खुर्चीवर चित्रकार स्वतः, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, मांडीवर उघडा डबा. माझ्याशिवाय आत कोणी नव्हतं.

कोल्हापुरात पाण्याचं चित्र काढायचं म्हणजे धाडसच. रंकाळा, कोटितीर्थ ही तळी म्हटली की चित्रकार आबालाल रहिमान आठवतात. ते १९३१ साली गेले, तरी इथे कोणी तळं रंगवलं की बघणारा मनातल्या मनात त्यांच्या चित्राशेजारी ठेवून बघतोच. मास्तरांची बरीचशी चित्रं त्या तुलनेत मार खाणारी होती, हे खरं सांगायला हवं. झाडं फार हिरवी, आभाळ फार नीटनेटकं.

एकापुढे मात्र पाय थांबले. पंचगंगेचा घाट, थंडीतली सकाळ, पाण्यावरून उठणारी वाफ. ती वाफ इतकी ओली होती की चष्मा पुसावासा वाटला. कशानं काढली असेल म्हणून मी नाक काचेला टेकेपर्यंत जवळ गेले, तर तिथे काहीच नव्हतं. कोरा कागद. त्याचा खरबरीत पोत दिसत होता, पेन्सिलीची एक पुसट रेघ तशीच राहिली होती आणि भोवती करड्या वॉशची, म्हणजे पातळ रंगाच्या हाताची, वाळलेली कड. वाफ म्हणून जे दिसत होतं, तिथवर मास्तरांनी कुंचला नेलाच नव्हता.

"सर, इथे पांढरा लावलाच नाही तुम्ही."

त्यांनी घास गिळला. "जलरंगात पांढरा लावायचा नसतो बाळ. राखायचा असतो."

हे मला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण मी सहा वर्षं स्क्रीनवर काम करते, आणि तिथे कागद नसतोच. नुसती रिकामी चौकट असते, ती भरायची.

पाऊस पुरता थांबायच्या आत मी प्रेसमध्ये होते. कटिंग मशीनमागच्या रद्दीतून क्राफ्ट बोर्डाचा, म्हणजे खाकी पुठ्ठ्याचा, तुकडा ओढला आणि डब्यातल्या गुळाचा खडा त्यावर ठेवला. अगदी एक रंग नव्हता, पण भावकीतला होता. मग देऊळ गेलं, बैल गेले. गडद तपकिरी असा एकच रंग घेतला, सगळी पार्श्वभूमी त्यानं भरली आणि मधला रवा तेवढा कोरा सोडला, नुसता बोर्ड. उजव्या अंगाला चार रेघांचं शेडिंग, खाली एक सावली. शेवटी नाव बसेना, म्हणून सावली तेवढी मिरर करून दुसऱ्या बाजूला सरकवली. रात्री साडेआठला प्रूफ निघालं. मशीनमननी ते हुंगलं. त्यांची दाद देण्याची तीच पद्धत.

व्यापाऱ्यांनी मात्र खोकं चारी बाजूंनी फिरवलं. "ह्ये काय केलासा? बैल कुटं हाय? आनि रंग द्यायचा इसरलासा काय?" मी वाफ, घाट, कोरा कागद सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत होते, पण सवय नसलेला पदार्थ ताटात आल्यासारखे. मग आमच्या प्रेसच्या मालकांनी मध्ये पडून सांगितलं की रंगाला एक अशा चार प्लेटांऐवजी छपाईला एकच प्लेट लागेल. हिशेब केल्यावर व्यापाऱ्यांना डिझाइन थोडं आवडायला लागलं. तडजोड अशी झाली: मुंबई-पुण्याच्या दुकानांसाठी माझी पाचशे, बाकी माल जुन्याच पिवळ्या खोक्यात, बैलांसकट. मला वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही.

रविवारी, प्रदर्शनाच्या शेवटच्या संध्याकाळी, एक बॉक्स घेऊन पुन्हा गेले. भिंती निम्म्या रिकाम्या झाल्या होत्या, मास्तर चित्रं जुन्या चादरींत गुंडाळत होते. घाटाचं चित्र विकलं गेलं नव्हतं. त्यांनी बॉक्स हातात घेतला, लांब धरला, कोऱ्या रव्यावरून अंगठा फिरवला.

"राखलाय चांगला," म्हणाले. मग चष्मा कपाळावर चढवून बॉक्स डोळ्यांजवळ नेला. "उजेड कुठून येतोय?"

"डावीकडून, सर."

"मग सावलीपण डावीकडेच कशी पडली?"

पाचशेच्या पाचशे बॉक्स दुपारीच टेंपोत चढले होते.